उंबरठ्याखालचे ठोके

पाळकसाहेबांनी मला मदर करायचं ठरवलं, तेव्हाच मी ओळखलं की आता आपली उचलबांगडी होणार.

आमच्या बेथाबारा मंडळीत मदर होणं हा मोठा मान. वयस्क बायका पांढरे कपडे आणि पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसतात. लोक वाकून त्यांच्या गालाला गाल लावतात, जेवणाला त्यांचं ताट आधी वाढलं जातं, आणि त्यांनी आयुष्यात पुन्हा काही करावं अशी कोणाची अपेक्षा नसते. यातलं ताट तेवढं मला चाललं असतं. मी या मंडळीत ड्रम वाजवते. माझे केस काळे होते तेव्हापासून वाजवते.

"सिस्टर प्रुइट, हे देवाकडून आलंय," पाळक ब्रिग्ज आपल्या खोलीत मला बसवून म्हणाले. "येत्या रविवारी, वर्धापनदिनाला, बिशप स्वतः तुमच्या डोक्यावर टोपी ठेवणार आहेत."

"आणि माझ्या स्टुलावर कोण बसणार?"

त्यांनी घसा साफ केला. "डेझमंड तयार आहे."

डेझमंड म्हणजे त्यांचा मेहुणा. शहराबाहेरच्या कॅसिनोत तो बँडमध्ये वाजवतो. वाजवतो म्हणजे बडवतो. त्याला मी नावं ठेवत नाही, पिऊन बसलेल्या माणसांना ऐकू जायचं तर बडवावंच लागतं. पण उपदेशाच्या मागे बडवून चालत नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही आणि त्याला शिकायचंही नाही.

"माझं काय चुकलं ते सांगा," मी म्हटलं.

"चुकलं काही नाही हो. वय आहे. हात हलका झालाय तुमचा. घरून इंटरनेटवर उपासना बघणारे लिहितात, की ड्रम मधेच गायब होतात म्हणून. आणि..." ते अडखळले, "लोक आणखीही काय काय बोलतात."

लोक काय बोलत होते ते मला ठाऊक होतं. आमच्या ड्रममधून पवित्र आत्मा निघून गेला, आणि तो माझ्यामुळे गेला, असं लोक बोलत होते.

"थोडं जोरात मारून बघा ना, सिस्टर," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "निदान रविवारपर्यंत."

"नाही," मी म्हटलं आणि उठले.

जोरात मारणं मला जमत नाही असं नाही. निवृत्त होईपर्यंत मी शाळेची पिवळी बस चालवली, तीही आमच्या साजिनॉ गावच्या बर्फातून. माझ्या हातात जोर आहे का, हे या गावातल्या निम्म्या माणसांना विचारा. त्यांना मी कॉलर धरून सीटवर बसवलंय. प्रश्न जोराचा नव्हताच. ज्याला ऐकायचंय त्यानं कान द्यावा, मी का म्हणून ओरडू?

आता ती आत्म्याची गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

आमची जुनी विटांची इमारत गळायला लागली म्हणून मंडळी एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात हलली. तिथलं छत इतकं बुटकं की खऱ्या ड्रमच्या आवाजात गाणारे बुडून जायचे. म्हणून इलेक्ट्रॉनिक ड्रम आले. जाळीचे आणि रबराचे पॅड, प्रत्येकातून निघालेली एक केबल, आणि त्या सगळ्या केबली जातात त्या एका डब्यात. या डब्याला वाजवणारे मेंदू म्हणतात. पॅडला ठोका लागतो आणि कुठला आवाज काढायचा, केवढा काढायचा, ते मेंदू ठरवतो. आमच्या ब्रदर लोकांनी प्लायवुड ठोकून एक स्टेज तयार केलं आणि हे सगळं त्याच्यावर मांडलं.

पहिल्याच रविवारी स्तुतीला असा रंग चढला की बायका-पुरुष स्टेजवर चढून नाचायला लागले. ब्रदर थर्लोनं ऑर्गनचा वेग वाढवला तसा मीही वाढवला. शेवटी माझा दम संपला. मी दोन्ही स्टिक काखेत मारल्या, पेडलवरचे पाय काढले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. आणि माझा मोठा ड्रम वाजतच राहिला. धम, धम, धम.

मदर ओझेला आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांची नजर अजून घारीची. मला त्या टीनी म्हणतात. त्या पहिल्या बाकावरून ओरडल्या, "बघा! टीनी वाजवत नाहीये! तो वाजवतोय!"

मग काय विचारता. लोक जितके उड्या मारत होते तितका ड्रम जोरात वाजत होता, आणि ड्रम जितका वाजत होता तितके लोक उड्या मारत होते. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्याच विषयावर उपदेश केला. पार फ्लिंट शहरातून माणसं बघायला आली. बरेच रविवार हे चाललं.

नाताळच्या सुमाराला ते बंद पडलं. लोक नाचले, घामाघूम झाले, ड्रम काही स्वतःहून बोलेना. आणि त्याच सुमाराला लोक माझ्या हाताबद्दल कुजबुजायला लागले. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. किराणा दुकानात आमच्या गायकवृंदातल्या एका बाईनं माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "टीनी, मनात काही पाप आहे का गं? मोकळी हो." माझ्या हातात कांद्याची पिशवी होती. ती मी तिच्या डोक्यात घातली नाही, एवढीच माझ्यावर देवाची कृपा.

माझं वाजवणं कसं आहे ते सांगायला हवं. मोठे ठोके सगळेच मारतात. मी दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे डाव्या हातानं बारीक ठोके पेरते, स्टिक जेमतेम टेकवून. वाजवणारे लोक या ठोक्यांना भुतं म्हणतात. चर्चमध्ये मी तो शब्द तोंडातून काढत नाही. पण उपदेश तोलून धरतात ती हीच. उपदेशक बोलता बोलता श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा त्याच्या पाठीशी काहीतरी चालू असावं लागतं, नाहीतर तो मधेच पडतो. ऐकणाऱ्याला ते वेगळं ऐकू येत नाही. ते नसलं की मात्र सगळ्यांना चुकचुकल्यासारखं होतं, आणि का ते कळत नाही.

गुरुवारी दुपारी चर्चमध्ये कोणी नसतं. मी माझ्या किल्लीनं दार उघडलं, हीटर चालू केला आणि कोट न काढताच स्टुलावर बसले. डाव्या हाताखालचं पॅड, ज्याला स्नेअर म्हणतात, त्याच्यावर नेहमीसारखं वाजवलं. मोठे ठोके स्पीकरमधून आले. मधले आले नाहीत. रविवारी ऑर्गन आणि गाण्याच्या गदारोळात वाटायचं की वाजतंय, पण आपल्याला ऐकू येत नाहीये. आता चर्च रिकामं होतं आणि तिथे खरोखरच काही नव्हतं.

आधी मला केबलचा संशय आला. केबल बदलली. मग स्नेअरची केबल शेजारच्या पॅडला लावली आणि शेजारची स्नेअरला. तरी तेच. जाळी ढिली पडली असेल म्हणून कडेचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं घट्ट करत गेले, बोट दाबलं तर जाळीनं ते परत ढकललं पाहिजे इतके. तरी तेच. दुसऱ्या स्टिक घेतल्या. तेच.

मग माझ्या मनात आलं, खरंच हात गेला असेल का? हात बाहीत ओढून घेऊन मी थोडा वेळ बसून राहिले. मला भीती वाटली. चांगलीच वाटली.

शेवटी चष्मा लावला आणि मेंदूच्या पडद्याकडे नीट बघितलं. ठोका बसला की त्याच्यावर एक छोटी पट्टी वर उठते. मी स्नेअरवर स्टिक टेकवली, अगदी अलगद. पट्टी उठली. आवाज नाही. पुन्हा टेकवली. पट्टी उठली. आवाज नाही.

म्हणजे माझा ठोका पोचत होता. यंत्राला तो कळत होता. यंत्र त्याला आत घेत नव्हतं.

"अरे हरामखोरा!" मी मोठ्यानं म्हटलं, आणि मग वेदीकडे बघून माफी मागितली.

त्या डब्यात प्रत्येक पॅडचा एक उंबरठा ठरवून ठेवावा लागतो. ठोका त्याच्याहून हलका असेल तर मेंदू समजतो की हा ठोका नाहीच, कोणी बाजूनं चाललं असेल, काहीतरी हललं असेल, आणि गप्प बसतो. मी बटणं दाबत आत गेले. एकजात सगळ्या पॅडचे उंबरठे वर नेऊन ठेवलेले. मी नव्हते नेले. त्या डब्याला माझ्याशिवाय एकच माणूस हात लावतो.

तो माणूस गुरुवारी माइकच्या बॅटऱ्या बदलायला येतो. रोडेल. लहानपणी माझ्याच बसनं शाळेत जायचा, मागच्या सीटवर बसून ओकायचा. आता मंडळीचं सगळं आवाजाचं काम तोच बघतो.

"सिस्टर टीनी! काय म्हणता, कशा आहात?" दारातून आत येत त्यानं विचारलं.

"आधी इकडे ये. मग सांगते कशी आहे ते."

तो आला. मी पडद्यावर बोट ठेवलं. "हे कोणी केलं?"

त्यानं पडद्याकडे बघितलं, मग छताकडे. छताकडे बघणारी पोरं मी बसच्या आरशात खूप पाहिलीत.

"जरा ॲडजस्ट केलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"नाताळच्या आधी. त्याचं काय झालं सिस्टर, शांत प्रार्थना चालू असायची आणि डीकन मोझली दानाची ताटं घेऊन स्टेजवरून गेले की धम्म. परत आले की धम्म. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थनेत हे काय, लोक हसतात. स्टेज आतून पोकळ आहे ना. पाय पडला की हादरा स्टँडमधून वर पॅडमध्ये जातो आणि पॅडला वाटतं कोणी वाजवलं. म्हणून सगळ्यांचे उंबरठे वर केले. धम्म बंद झालं."

मी पडद्यावरचं बोट काढलं नाही. तोच पुढे बोलला.

"मग ते दुसरंही बंद झालं."

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... ते मदर ओझेलांनी बघितलं होतं ते."

"रोडेल. तू पवित्र आत्म्याला बटणानं बंद केलंस?"

"हळू बोला ना!"

"कोण ऐकतंय? ज्यानं ऐकायचं त्याला तर तूच बंद केलायस."

तो स्टेजच्या कडेवर बसला. "सांगणार तरी कसं, सिस्टर? पाळकसाहेबांचा त्याच्यावर उपदेश झालेला. फ्लिंटहून माणसं आली होती. त्यांना मी उभा राहून सांगू, की तो आत्मा नव्हता, प्लायवुड होतं? लोकांनी मला मारलं असतं."

"म्हणून तू त्यांना मला मारू दिलंस."

त्याची मान खाली गेली. "तुमचे ठोके जातायत हे मला खरंच नाही कळलं. मोठे तर येत होते."

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मोठे आले म्हणजे सगळं आलं, असंच त्याला वाटत होतं. हे पोरगं मला वाजवताना ऐकत वाढलं होतं.

आम्ही कामाला लागलो. मी स्नेअरचा उंबरठा एकेक पायरी खाली आणत गेले आणि अलगद वाजवत गेले. एका जागी माझ्या बारीक ठोक्यांची सगळी मंडळी स्पीकरमधून परत आली, एकूण एक. माझे डोळे भरून आले. रोडेल उठला आणि त्यानं स्टेजवर पाय आपटला. स्नेअर खाडकन बोलला.

"बघा," तो म्हणाला. "खाली केला की तुमची भुतंही येतात आणि आत्माही येतो. वर केला की दोघंही जातात. संवेदनशीलता वाढवून बघू?"

ती वाढवून बघितली. मग माझी कुजबूजही आरोळीसारखी यायला लागली, बारीक आणि मोठा ठोका एकाच मापाचे. तेही नको होतं.

"दोन्हीतलं एक घ्यावं लागेल, सिस्टर."

"मी का म्हणून घेऊ? स्टेज पोकळ आहे ना? मग ड्रम स्टेजवर ठेवायचेच कशाला?"

खाली चपलांच्या दुकानाची सिमेंटची जमीन होती. रोडेलनं एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हसायला लागला.

"हसू नकोस," मी म्हटलं. "रविवारी साक्षीच्या वेळी, लोक उठून आपापला अनुभव सांगतात तेव्हा, तू उभा राहणार आहेस आणि सगळ्यांना सांगणार आहेस."

त्याचं हसू गेलं. "सगळ्यांना?"

"माझ्याबद्दल बोलताना कोणी एकालाच गाठून बोललं होतं का?"

शनिवारी सकाळी शेतीच्या सामानाच्या दुकानातून मी घोड्याच्या पागेत घालतात तसली जाड रबरी चटई आणली. आम्ही ती ऑर्गनच्या पायाशी सिमेंटवर अंथरली आणि एकेक करून ड्रम खाली आणायला लागलो. सगळ्या पॅडचे उंबरठे आता खाली आणले होते. मोठ्या ड्रमचं पॅड तेवढं, केबल लावलेलं, वर राहिलं होतं, तेवढ्यात पाळकसाहेब उद्याचे छापील कार्यक्रम घेऊन आले.

"हे काय चाललंय? उद्या बिशप येणार आणि तुम्ही ड्रम जमिनीवर मांडताय? दिसेल कसं ते?"

"दिसण्याचं तुम्ही बघा, ऐकू येण्याचं मी बघते," मी म्हटलं. "पाळकसाहेब, स्टेजवर जाऊन जरा पाय आपटा."

"काय?"

"आपटा तर खरं."

त्यांनी आपटला. धम्म. ते दचकले. पुन्हा आपटला. धम्म. मग ते आपल्या बुटाकडे बघत राहिले. माणूस हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. आपण कशावर उपदेश केला ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे कान लाल झाले. रोडेल केबली गुंडाळायच्या कामात अगदी बुडून गेला.

आम्ही ते पॅडही चटईवर आणलं. "आता आपटा," मी म्हटलं. त्यांनी स्टेजवर आपटला, खाली उतरून सिमेंटवर आपटला. काही नाही. मग मी बसले आणि वाजवलं, उपदेशाच्या मागे वाजवते तसं. पाळकसाहेब हातातले कागद तसेच धरून ऐकत उभे राहिले.

"हे आधी नव्हतं," ते म्हणाले.

"आधीपासून होतं. तुमच्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं."

ते पहिल्या बाकावर बसले. "दोष यंत्राचा होता. मी तुमची माफी मागतो, सिस्टर. मनापासून."

मी स्टिक खाली ठेवल्या. मला वाटलं, झालं, मिटलं.

"पण टोपीचं ठरलंय," ते पुढे म्हणाले. "कार्यक्रम छापून झालेत. डेझमंडनं नवा सूट शिवलाय. आणि घरात मी शब्द दिलाय."

"तुमच्या घरात दिलाय. माझ्या घरात कोणी शब्द दिलेला नाही."

"तुम्ही समजून घ्या. मंडळीत तरुण माणसं यायला हवीत. इंटरनेटवर काय दिसतं त्याचा विचार मला करावा लागतो. आणि हा मान आहे हो. मानाला कोणी नाही म्हणतं का?"

"एवढा मान असेल तर टोपी तुमच्या मेहुण्याला घाला."

रोडेलच्या हातातून केबल पडली. पाळकसाहेब उभे राहिले. "सिस्टर प्रुइट, उद्या बिशपांसमोर मला तमाशा नकोय. तुमचं नाव घेतलं की तुम्ही पुढे यायचं. विषय संपला."

ते गेले. मी तिथेच बसून राहिले, कारण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि अशा वेळी मी गाडी चालवत नाही. म्हणजे हाताचा प्रश्न कधी नव्हताच. यंत्र दुरुस्त झालं होतं आणि माझं स्टूल तरीही गेलं होतं. रात्री घरी तीन वेळा वाटलं, जाऊ दे, घालावी टोपी. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

रविवारी मी पांढरे कपडे घातले नाहीत. जांभळा ड्रेस घातला, पेडलवर पाय नीट पडावा म्हणून चपटे बूट घातले, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन स्टुलावर बसले. चर्च भरलं. मागच्या खोलीतून तळलेल्या मासळीचा आणि मक्याच्या पावाचा वास येत होता. बिशप व्यासपीठावरच्या उंच खुर्चीत बसले. डेझमंड पहिल्या रांगेत बसला, नवा सूट, मांडीवर स्टिक. मला बघून त्यानं मान लववली. मीही लववली. भांडण त्याच्याशी नव्हतं.

साक्षीची वेळ झाली तेव्हा मागे आवाजाच्या टेबलाशी रोडेल उभा राहिला. आधी देवाचे आभार मानले, आईचे मानले, बिशपांचे मानले, आणि मग त्याची गाडी अडकली. मी झांजेवर हलका ताल धरला. साक्ष देणाऱ्याला तेवढा आधार द्यावाच लागतो.

"ड्रम आपोआप वाजत होते ना," तो एका दमात म्हणाला, "ते आपल्या पायांच्या हादऱ्यानं वाजत होते. मी बटण फिरवून ते बंद केलं. त्यामुळे सिस्टर टीनींचे ठोकेही बंद झाले, आणि तुम्ही त्यांना बोललात, आणि मी मूग गिळून बसलो. सिस्टरचा हात जसा होता तसाच आहे. देव मला क्षमा करो. तुम्हीही करा."

पुढच्या रांगांतली माणसं मागे वळून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आत्मा नव्हताच?" किराणा दुकानातली बाई हातातल्या पंख्यानं तोंड झाकून बसली होती.

मदर ओझेला काठी टेकत उभ्या राहिल्या. "नव्हता कसा? आत्म्याला स्वतःचे पाय असतात का रे? तो आपलेच वापरतो. मला तेव्हाही माहीत होतं ते पाय आहेत म्हणून. माझे स्वतःचे दुखत होते की!" लोक हसले, कोणी टाळी वाजवली, कोणी आमेन म्हणालं. "आणि टीनीला जे बोललं असेल त्यानं जेवायच्या आधी जाऊन माफी मागा. मी बघणार आहे." त्या बसल्या.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं माइक हातात घेतला. उपदेशाच्या आधी टोपीचा कार्यक्रम होता, म्हणजे उपदेशाला डेझमंड बसणार. बिशप टोपी घेऊन उभे राहिले. "सिस्टर अर्नेस्टीन प्रुइट," पाळकसाहेब म्हणाले, "पुढे या."

ब्रदर थर्लोचा ऑर्गन हळूहळू चालू होता आणि त्याच्याबरोबर मी. मी थांबले नाही.

"सिस्टर प्रुइट."

डेझमंड उठायला लागला, मग त्याला काय करावं कळेना, तो परत बसला. माना वळल्या. थर्लोनं ऑर्गनवरचे हात काढले. मी मोठा ड्रम सोडला, झांज सोडली, उजवा हात मांडीवर ठेवला. राहिला तो फक्त डावा हात, स्नेअरवर, जेमतेम टेकणारा. रोडेलनं आवाज वाढवला नाही, तसं मी त्याला बजावून ठेवलं होतं. ऐकायला लोकांना श्वास रोखावा लागला आणि त्यांनी तो रोखला. अगदी शेवटच्या रांगेतली माणसंही पुढे झुकली. मुलांनी खेळणं थांबवलं. तेवढ्याशा ठोक्यांनी सगळं चर्च भरून गेलं होतं.

"सिस्टर," पाळकसाहेब माइक बाजूला करून म्हणाले, "काय करताय तुम्ही?"

"मी कामात आहे, पाळकसाहेब."

"ऐकलं ना?" मदर ओझेला बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पोरगी कामात आहे. तूही तुझ्या कामाला लाग, लेकरा."

बिशप खाली बसले. माझ्या मते ते हसत होते, पण त्यांनी तोंडावर हात धरला होता. पाळकसाहेब एकटेच उभे राहिले, सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत असलेली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर उठली असती. मग त्यांनी बायबल उघडलं, वचन वाचलं आणि उपदेश सुरू केला. रागात होते, म्हणून भरभर बोलत होते, मला मागे टाकायला बघत होते. मी वेग वाढवला नाही आणि आवाजही वाढवला नाही. पहिला श्वास त्यांनी घाईत घेतला आणि त्यांचं वाक्य तुटलं. दुसऱ्या श्वासाला ते माझ्या तालात आले. चिडूनच आले, पण आले.